करडईचं तेल आणि दोन पंजे

"मिस्त्री, पंजे कुठायत?"

फोन उचलल्या उचलल्या हेच. रामराम नाही, तब्येत कशी आहे नाही, काही नाही. आवाज सुभेदारांचा, माझ्या एका गिऱ्हाइकाचा, आहे हे ओळखलं मी. पण एरवी तो आवाज म्हणजे कवायतीचा, फोन हातभर लांब धरून ऐकावा असा. त्या दिवशी इतका बारीक आला की मी फोन कानात खुपसला.

"कसले पंजे, साहेब?"

"सुमनचं. बागंच्या कडंवर उठवल्यालं. आज कुंडी हलवली. खाली कायबी न्हाई. गुळगुळीत हाय सगळं."

"मग आक्कांनाच विचारा की," मी म्हणालो.

हे मी बोललो. आजही आठवलं की वाटतं, तेव्हाच जीभ चावून का घेतली नाही. मग ते म्हणाले, "तिला जाऊन दीड महिना झाला, मिस्त्री. चहा ठेवता ठेवता गेली. तुमाला कळवायचं राहिलं."

मी अंगणात साच्यांना तेल पुसत बसलो होतो. हातातली चिंधी तशीच खाली पडली. या अल्ला! एक तर त्यांची बायको, ती हसतमुख सुमनआक्का, गेली हे मला त्या क्षणी कळत होतं, आणि दुसरं म्हणजे ते पंजे कुठं गेले हे मला चांगलं माहीत होतं. ते मीच बुजवले होते. या माझ्या हातांनी, थापीनं, सिमेंट घोटून.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, शौकतभाई, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, गमतीजमती लिहा. गमती आहेत, सांगतो. पण हा फोन आल्यापासून धंदा म्हटलं की मला आधी तो बारीक आवाज ऐकू येतो, त्याला माझा इलाज नाही.

मी जातीचा गवंडी. नंतर कुपवाडला पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या वस्तू बनवायला लागलो. खिडकीच्या जाळ्या, कुंपणाचे खांब, कुंड्या आणि बागेच्या कडा. ज्यांना कड म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंगल्यापुढं हिरवळ असते, बाजूला फुलझाडांचे वाफे असतात. हिरवळ वाफ्यात घुसू नये, वाफ्याची माती पावसात वाटेवर येऊ नये, म्हणून मधून वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध फिरवतात. शेताला बांध, तशी बागेला कड. तिला वळण देता येतं, तांबडा रंग देता येतो, ओली असताना वर गोणपाट दाबलं तर दगडासारखी नक्षी उठते. माझ्या कडा सांगली-मिरजेच्या किती बंगल्यांपुढं आहेत ते मी मोजलेलं नाही. रस्त्यानं जाताना एखादी दिसली की मान मात्र आपोआप वळते. बायको म्हणते, "दुसरे बंगल्यातली माणसं बघत्यात, आमचे हे गटार हुडकत असल्यासारखं खाली बघत चालत्यात."

गुडघे गेले तेव्हा शेड बंद केलं. साचे तेवढे घरी आणले. आता जमाना असा की कड घालायला गवंडी कुणी बोलवतच नाही. मोबाइलवर बघतात आणि स्वतः घालतात. रविवारी नवरा-बायको मिळून. साचे माझ्याकडून नेतात, काम झालं की परत आणून देतात, आणि मधल्या वेळात फोन करकरून माझा जीव खातात. आणि काय काय करून ठेवतात! मी आयुष्यभर सिमेंटमध्ये, पण या हौशी लोकांनी मला जेवढे धक्के दिले तेवढे कुणी दिले नाहीत.

विट्याचे एक शेठ होते. विट्याची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली, तसे हेही दूर कुठं तरी दुकान टाकून बसलेले आणि गावी बंगला बांधलेला. मी त्यांना माल कसा कालवायचा ते समजावत होतो. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, तीन बारीक खडी, आणि पाणी जपून. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे, मूठ उघडली की लाडू राहिला पाहिजे. शेठ म्हणाले, "मिस्त्री, मी सोनं वितळवून वतणारा मानूस. मला साचा शिकवू नगा." दुसऱ्या दिवशी फोन. "आवं, ही कड हाय का रांगोळी? बोट लावलं की भुगा व्हतुय!" जाऊन बघतो तर खरंच भुगा. त्यांनी माल केला होता आमटीसारखा पातळ. का? तर वितळलेलं सोनं साच्यात कसं आपोआप पसरतं, कोपरान् कोपरा भरतं, तसं. पाणी सिमेंटचा जीव घेऊन मातीत निघून गेलं आणि मागं राहिली वाळू. मी हसावं की रडावं! शेठ मात्र दिलदार माणूस. म्हणाले, "परत करू. ह्या वेळी सोनं इसरतो."

दुसरा धक्का हसण्यासारखा नव्हता. मिरजेपलीकडचे एक आजोबा. जुन्या घराच्या भिंतींसाठी चिखल तुडवलेला माणूस. त्यांनी सिमेंटचा माल ओतला आणि उतरले की त्यात अनवाणी! तास-दीड तास तुडवला. सुनेनं फोन केला, "मामा, सासऱ्यांचं पाय जळाल्यात." मला वाटलं बाई घाबरून काहीतरी बोलतेय. मी गेलो, आणि त्या माणसाच्या पायाची सालं सुटलेली बघून मला गरगरायला लागलं. सिमेंट गार असतं हो, पण ओलं सिमेंट कातडी खातं. हळूहळू खातं, म्हणून कळत नाही. दवाखान्यात नेलं, महिनाभरानं चालायला लागले. पण तेव्हापासून साचा देताना मी रबरी हातमोजे आणि बूट घालायची शपथ घ्यायला लावतो. माझे स्वतःचे हात बघून लोक म्हणतात, तुम्ही कुठं घातले? मी म्हणतो, म्हणून तर सांगतोय.

आता सुभेदार. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, औंधच्या अलीकडं त्यांचं गाव. गच्चीवरून यमाईचा डोंगर दिसतो. साचे न्यायला कुपवाडला घरी आले तेव्हा खिशातून गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. माझ्या साच्याला लावून म्हणाले, "दीड सूत भाईर हाय." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मी म्हटलं, "साहेब, बाग करायची हाय का तोफ बसवायची हाय?" बरोबर सुमनआक्का होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. सुभेदार हसले नाहीत. रागाचे एकदम कडक. चूक दिसली की समोर कोण आहे ते बघत नसत.

मी दोघांना सगळं समजावलं. दर तीन फुटांना चीर पाडा, नाहीतर ती आपली आपण पडेल. आठ दिवस ओलं गोणपाट झाकून ठेवा. आणि साच्याला आतून तेल लावायला विसरू नका, नाहीतर सिमेंट पत्र्याला असं धरेल की सोडवताना दोन्ही जातील. साचा काढला की लगेच पुसून परत तेलाचा हात फिरवून ठेवा. आम्ही गाडीचं जळकं तेल वापरतो. दोन दिवसांनी आक्कांचा फोन. "आवं भाऊ, ते काळं त्याल हातास्नी लय वास मारतंय. करडईचं चालंल का?"

"चालंल की. फकस्त त्यात भजी टाकू नगा."

चौथ्या दिवशी मी विट्याकडं नात्यात आलो होतो, म्हटलं जाता जाता सुभेदारांचं काम बघावं. सकाळी पोचलो. सुभेदार रोपं आणायला गेले होते. आक्का म्हणाल्या, "भाऊ, बसा, पोहे टाकते. काल सांजच्याला सगळं पुरं झालं बगा." त्या आत गेल्या आणि मी कड बघत फिरलो. खोटं कशाला बोलू, नवशिक्यांच्या मानानं काम अव्वल होतं. वळण झकास, चिरा एका मापाच्या, वरून सिमेंट छान घोटलेलं. फाटकाजवळ कड संपते तिथं रुंद चौथरा केला होता. त्यावरचं गोणपाट उचललं आणि माझ्या कपाळाला आठी पडली. गुळगुळीत पृष्ठभागावर दोन हात दाबलेले. चांगले अर्धा बोट खोल. त्यातही उजव्या पंजाचं एक बोट अर्धंच उठलेलं.

मला ते पंजे दिसले. दिसलेच नाहीत असं म्हणून मी सुटू शकत नाही. नवीन घरात शिरताना घरची लक्ष्मी हळदीचे हात दाराशेजारी उठवते, हे मी शेकडो घरांत बघितलेलं आहे. रंगकाम करताना तेवढी जागा सोडून ब्रश फिरवायचा, हे मी माझ्या माणसांना शिकवलेलं आहे. पण इथं हळद नव्हती, राखाडी सिमेंट होतं, आणि सिमेंटमध्ये खड्डा दिसला की मला फक्त खड्डा दिसतो. वाटलं, शेजारच्या पोराटोरांनी हात घातले असणार. आणि घातले ते घातले, नीट तरी घालायचे, एक बोट अर्धवट! घमेल्यात कालचं उरलेलं कोरडं सिमेंट-वाळू होतं. पाणी घातलं, थापी घेतली, भरून टाकले.

एक गोष्ट मात्र केली नाही, आणि ती लक्षात ठेवा. जुन्या सिमेंटवर नवीन भरायचं तर आधी छिन्नीनं टोचून खरबरीत करायचं असतं, त्याला आम्ही टाचे मारणं म्हणतो. टाचे मारल्याशिवाय ठिगळ धरत नाही. हे मी आयुष्यभर ओरडून सांगत आलोय. पण गुडघे ठणकत होते, आतून फोडणीचा वास सुटला होता. मी आळस केला. वरून मात्र असं घोटलं की आरसा.

आक्का पोहे-चहा घेऊन आल्या आणि थांबल्या.

"भरलं व्हय, भाऊ?"

"व्हय आक्का. कुनीतरी हात दाबल्यालं. आता हुडकून सापडायचं न्हाई," मी ऐटीत म्हणालो.

त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग हसल्या. "गुळगुळीत झालं की!" म्हणाल्या. मी खूश. कपबशी हातात देताना त्यांच्या उजव्या हाताचं बोट दिसलं, अंगठ्याशेजारचं, वरचं पेर नसलेलं. मी विचारलंसुद्धा. म्हणाल्या, नवी नवरी असताना कडबाकुट्टीत गेलं, सासूबाईंनी हळद दाबली आणि मी तसाच सैपाक केला. आम्ही दोघं हसलो. ते बोट माझ्यापासून दोन हातांवर, आणि अर्धं बोट उठलेला पंजा माझ्या पायाशी, ओल्या ठिगळाखाली. आणि मी पोहे खात होतो!

निघताना त्या म्हणाल्या, "आलेलासा म्हून ह्यास्नी सांगू नगा हां. त्येंस्नी वाटू द्या, सगळं आपणच केलं." मला वाटलं, नवऱ्याचा मान राखतेय बिचारी.

ते सगळं फोनवर एका क्षणात माझ्या डोक्यात जुळलं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण तोंडातून निघून गेलं, "साहेब, ते मी भरले. तुमी रोपं आणायला गेलेलासा, तवा आलो हुतो. मला कळलं न्हाई."

मी शिव्यांची वाट बघत राहिलो. खरं सांगतो, शिव्या हव्या होत्या मला.

"म्हंजी तिनं झाकलं," सुभेदार म्हणाले. "मी गोणपाट काढायच्या आधीच तिनं ते काढून तिथं शेवंतीची कुंडी आणून ठिवली. मी म्हटलं, पंजं झाकल्यात की गं. तर म्हनली, असू द्यात, धूळ बसंल. कवाबी कुंडी हलवू दिली न्हाई." आणि म्हणाले, "मी तुमच्यावर वरडंन म्हून."

आणि फोन बंद.

मी तिथंच डोकं धरून बसलो. माझी चूक त्या बाईनं शेवंतीखाली दडवली, कुणाला चकार शब्द न सांगता गेली, आणि मी आरशासारखं घोटलं म्हणून तिच्यापुढं मिरवलं होतं. हमीदानं, माझ्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "हितं बसून डोकं धरून काय हुतंय? छिन्नी घ्या आन् जावा. फोनवर माफी मागत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली.

सुभेदार फाटकाजवळच बसले होते. दाढी वाढलेली. या माणसाची दाढी वाढलेली मी कधी बघेन असं मला वाटलं नव्हतं. हिरवळ वाळून पिवळी पडली होती. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात धरला. चौथऱ्याकडं बोट करून म्हणाले, "निघत्यात का तेवढं बगा."

"साहेब, काम पक्कं झालं असलं तर न्हाई निघायचं."

आयुष्यभर मी छाती काढून सांगत आलो, शौकत मिस्त्रीचं ठिगळ कधी सुटत नाही. त्या दिवशी मी उकिडवा बसलो, डोळे मिटले आणि दुवा मागितली की माझं काम कच्चं निघू दे.

हातोडीचं टोक हलकं टकटकवलं. डावीकडं आवाज आला भरीव. तरी कडेनं छिन्नी फिरवली, अगदी जपून, आणि एक टोला दिला. चुरा झाला. बोटं नाहीत, तळवा नाही, नुसते तुकडे आणि खाली खरबरीत खड्डा. मी आळस करूनसुद्धा ठिगळानं पक्कं धरलं होतं. सुभेदारांनी तुकडे ओंजळीत गोळा केले, उलटेसुलटे करून बघितले आणि बाजूला ठेवले.

"ऱ्हाऊ द्या आता," ते म्हणाले. "दुसरं बी जाईल."

मी हातोडी खाली ठेवली. आणि तेव्हा ते करडईचं तेल आठवलं.

"साहेब, हात उठवायच्या आधी आक्का काय करत हुत्या?"

"काय करणार? शेवटचा साचा काढला, तो पुसून त्याल लावत हुती. तुमीच सांगितल्यालं न्हवं? मी म्हटलं, लक्ष्मीचा हात उठीव. तशीच उठली आन् उठीवला."

"चिंधी कुठल्या हातात?"

सुभेदार माझ्याकडं बघायला लागले. "उजव्या."

मी उजव्या पंजाच्या जागी टकटक केलं. पोकळ! डबा वाजावा तसं पोकळ! छिन्नी बाजूला टाकली. नुसत्या थापीचं टोक कडेनं फिरवत गेलो, एकेक सूत, श्वास रोखून. सुभेदार गुडघ्यावर माझ्या शेजारी. आणि ठिगळ कट्कन सुटलं, आख्खं, भाकरी तव्यावरून सुटते तसं.

मला खालचा खड्डा बघायचा होता, म्हणून मी ते ठिगळ उलटं करून सुभेदारांच्या हातात दिलं.

खड्ड्यात पंजा होताच. पण ठिगळाच्या पोटाला हात होता. उठून आलेला, भरीव, आक्कांचा हात. मी आयुष्यभर साच्यातून वस्तू काढल्या, आणि त्यांचा पंजा हाच साचा झालाय, मी त्यात हात ओतलाय, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. तळव्यावरच्या रेषा, बोटांची पेरं, चिंधीचा एक धागा चिकटलेला. आणि अंगठ्याशेजारचं ते तोकडं बोट.

सुभेदारांनी त्या बोटावर अंगठा फिरवला. परत फिरवला. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता रडतील. पण ते वेगळंच बोलले.

"गार हाय, मिस्त्री. तिचा हात ऊन असायचा."

पायरीवर ऊन आलं होतं. त्यांनी तो हात नेऊन उन्हात ठेवला, तळवा वर करून, आणि शेजारी बसले. मीही बसलो. शेवंतीची कुंडी मी उचलून भिंतीकडं सारली. समोरच्या घरात कुणीतरी दळणाचा डबा घेऊन निघालं होतं, त्यानं आमच्याकडं बघितलं आणि गेलं. मधे एकदा सुभेदारांनी हात लावून बघितला. "अजून न्हाई," म्हणाले.

ऊन चांगलं तापलं तेव्हा त्यांनी तो उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आता हाय," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून असा हुंदका फुटला की मी दुसरीकडं तोंड फिरवलं. शेवटची एसटी यायची वेळ झाली तरी त्यांनी तो हात खाली ठेवला नव्हता.